बिट उडतात, मान्य. पण ते ऐकू येतं का?

इंदूरच्या आमच्या ऐकणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश तिसऱ्यांदा फिरून आला: "डिजिटल व्हॉल्यूम कमी केला की बिट उडतात, गाण्याचा जीव जातो. म्हणून मोबाईल किंवा डॅक कायम शंभरावर ठेवा आणि फक्त ॲम्प्लिफायरचा नॉब फिरवा. नॉब सिग्नलला धक्काही लावत नाही." तो वाचून रामबागेतले एक काका चांगला चालणारा डॅक (डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र) विकायला निघालेत, म्हणून हा खटाटोप.

"बिट उडतात." बिट म्हणजे आवाज ज्या आकड्यांत साठवतात त्यांतलं एकेक घर, 0 किंवा 1. उडतात खरे. दर 6 डेसिबलला साधारण एक बिट. 1982 साली आलेल्या सीडीला 16 बिट, म्हणजे 96 डेसिबलची जागा. आवाज 24 डेसिबल उतरवला की उरले 12 बिट. जुन्या 16 बिटी यंत्रांत हे असंच व्हायचं, आणि वर डिदर (खरबरीतपणा झाकायला मुद्दाम मिसळलेली बारीक सळसळ) नसेल तर हळू स्वर खरबरीत लागायचे. म्हणजे ही ओरड हवेतून आलेली नाही, शिळी आहे. आजच्या 24 बिटी डॅकमध्ये सीडीच्या 16 बिटांमागे 8 शून्यं जोडलेली असतात. आवाज 48 डेसिबल उतरेपर्यंत कापली जातात ती शून्यंच.

आता कोणी म्हणेल, 24 बिट कागदावर. बरोबर, चांगल्या डॅकचीही मजल 115-120 डेसिबलपर्यंतच जाते. मग हिशेब घरातच करू. समजा पूर्ण आवाजावर तुमच्या खुर्चीपाशी 105 डेसिबल पोचतात. डॅकची स्वतःची सळसळ त्याच्या 115 खाली, म्हणजे उणे 10. व्हॉल्यूम उतरवला तर गाणं खाली येतं, सळसळ वाढत नाही, होती तिथेच राहते. रात्री अकराला रस्ता शांत झाल्यावरही पंखा चालू असलेल्या खोलीत 35-40 डेसिबल असतातच. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित आलापीत स्वर विरत जातो ना, त्याचं शेवटचं टोक बिटांच्या कितीतरी आधी पंखा गिळतो. (पंखा बंद करून मे महिन्यात मारवा ऐकणारे वेगळे. त्यांना नमस्कार.)

मग जीव गेल्यासारखं का वाटतं? कारण हळू आवाजात आपल्या कानालाच खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 सालीच हे मोजून दाखवलं. नॉबने आवाज उतरवला तरी डग्गा तेवढाच पातळ लागतो.

"नॉब धक्काही लावत नाही." इथे मात्र मला हसू येतं. नॉबच्या आत असतो पोटेन्शिओमीटर, म्हणजे बहुधा कार्बनच्या दोन पट्ट्या आणि त्यांवर घासणारे दोन काटे. सुरुवातीच्या फिरकीत, जिथे आपण रात्री ऐकतो, तिथे दोन्ही पट्ट्या क्वचितच जुळतात. दोन बाजूंत 2-3 डेसिबलचा फरक सहज पडतो आणि गवई डावीकडे सरकतो. आमच्या वडिलांच्या ॲम्प्लिफायरवर तानपुरा कायम डाव्या भिंतीला टेकलेला असायचा. नॉब हलवला की खरखर व्हायची ती वेगळीच. जेल रोडवरून आणलेला स्प्रे मारला की दोन महिने शांतता. शिवाय 50 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर स्वतःही सुमारे 2 मायक्रोव्होल्टपर्यंत सळसळ करतो. 2 व्होल्टच्या सिग्नलपुढे ती 120 डेसिबल खाली, म्हणजे चांगल्या डॅकच्याच पंगतीत.

एक गंमत करून बघा. तुमचा नॉब गोल गोल फिरतच राहतो, कुठे अडत नाही? मग तो पोटेन्शिओमीटर नाहीच. तो आतल्या चिपला नुसते हुकूम देतो.

"कायम शंभरावर." यात अर्धं तथ्य आहे. मोबाईल अगदी खाली आणि ॲम्प्लिफायर पूर्ण वर, अशी उलटी मांडणी केली तर मोबाईलची सळसळच मोठी होऊन येते. पण डॅक थेट पॉवर ॲम्प्लिफायरला किंवा ॲक्टिव्ह स्पीकरला (ज्याच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो) जोडलेला असेल आणि मध्ये नॉब नसेल, तर शंभर म्हणजे एखाद्या मेसेजच्या 'टुंग'ने ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जायची सोय. शिवाय आजकालची गाणी इतकी ठासून भरलेली असतात की डॅक 3 डेसिबल खाली ठेवला तर काही यंत्रांत ध्वनिलहरींचे माथे कापले जायचे वाचतात.

काका, नॉब घड्याळातल्या दहा-अकराच्या जागी ठेवा, बाकीचं डॅकवरून करा. आणि त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा.