निफाडचा पारा आणि बाथरूमची खिडकी

नाशिककरांना थंडी वाजते ती निफाडची. डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा किती उतरला हे पेपरात ठळक छापून येतं आणि आमचे सासरे, म्हणजे अण्णा, ते सगळ्या घराला ऐकू जाईल असं वाचतात. आमच्या स्वतःच्या गॅलरीत एक थर्मामीटर लटकलेला आहे. त्याच्या म्हणण्याला घरात काडीची किंमत नाही. निफाडला सहा म्हणजे अण्णांच्या हाडांत सहा. बातमी वाचून झाली की ते उठतात आणि बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांच्या फटींत तोच पेपर घड्या घालून कोंबतात.

त्याच बाथरूममध्ये आमचा गॅस गिझर होता.

तो गॅसचाच का, तर अण्णा वीज मंडळातून निवृत्त झाले म्हणून. "विजेचं मला सांगू नका, मी आयुष्यभर मीटर पाहिलेत," हे त्यांचं वाक्य. शिवाय लाइट गेली तरी पाणी तापतं. खुद्द मंडळाचं पेन्शन घेणारा माणूस लाइट जाणार हे गृहीत धरून गिझर घेतो, यावर मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी हसले होते. ते अजून लक्षात ठेवलेलं आहे.

खिडकीचा वाद दर हिवाळ्यात नव्याने पेटतो. अण्णांचा मुद्दा ऐतिहासिक असतो. "आम्ही बंबाच्या धुरात आंघोळी केल्या. कोण मेलं?" आता बंबाचं असं की तो प्रामाणिक होता. लाकडं ओली असली की धूर डोळ्यांत जायचा, नाकातोंडात जायचा, माणूस पंचा गुंडाळून खोकत अंगणात पळायचा. जीव वाचायचा तो त्या पळण्याने. गिझरमध्ये तसली सोय नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. पण तो वास गॅसबरोबर जळून जातो. जळायला हवा कमी पडली की मागे जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा तो दोनशेपटीहून जास्त आवडतो, एकदा चिकटला की लवकर सोडत नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, हातपाय गळतात. म्हणजे दार उघडायची गरज ज्याला आहे, नेमकी त्याच्याच हातातली ताकद जाते. दर थंडीत अशा बातम्या येतात. त्या मात्र अण्णा मोठ्याने वाचत नाहीत.

"एवढासा तर जाळ," ते म्हणतात. एवढासा नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी कढत करणारा गिझर आपल्या शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्याइतका पेटतो, आणि एक घनमीटर गॅस नीट जळायला पंचवीस-तीस घनमीटर हवा लागते. आमचं अख्खं बाथरूम दहा घनमीटर भरलं तर भरलं. त्यात बादली, पाट, अण्णा आणि त्यांचं स्तोत्र.

सर्व्हिसिंगला येणारा दादा दिवाळीआधी यायचा तो संक्रांतीला येतो. फोनवर "निघालोच ताई" म्हणतो, हे त्याचं मंगलाचरण. पण माणूस कामाचा. बोअरचं पाणी म्हणजे क्षार. आधी त्याने पाण्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून दाखवली, तिच्यात पांढरी कच अशी बसलेली की धार येत होती हेच नवल. मग तांब्याची कॉइल लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुतली. बर्नर ब्रशने झाडला तेव्हा भोकांतून कोळ्याचं जाळं निघालं. हवेची वाट अशी अडली की ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. निळी ज्योत असली की ठीक, पिवळी दिसली की गिझर बंद, हे त्याने अण्णांकडून दोनदा म्हणवून घेतलं. नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहिलं, भगव्या नळीवर छापलेली तारीख वाचली. "ताई, हिची पाच वर्षं झाली, बदला." अण्णांनी लगेच चष्मा लावून तारीख पुन्हा वाचली. मंडळाची सवय.

मग त्याने सेलची डबी उघडली आणि विचारलं, "हे सेल कुठून आणलेत?"

त्यात दोन जाड सेल असतात, ठिणगी पाडायला. अण्णांच्या जुन्या विजेरीलाही तेच लागतात. नवे सेल येतात ते विजेरीत. विजेरी मंदावली की तेच सेल गिझरला बढतीवर. त्यामुळे आमच्याकडे साबण लावून झाल्यावर आतून चट-चट-चट-चट असा आवाज येतो आणि जाळ काही धरत नाही. गॅस आधी सुटतो आणि ठिणगी उशिरा पडते, मग एकदम भप्प! आईंच्या पुढच्या केसांची लांबी कमी का, हे मला तेव्हा उमगलं.

दादाने हत्यारं गुंडाळताना खिडकीतला पेपर उपसला, तारीख पाहिली आणि म्हणाला, "बाबा, गिझर इथे नकोच. ड्राय बाल्कनीत घ्या, गरम पाण्याचा तेवढा पाइप आत. तोवर आधी बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळीला बसायचं. खिडकी उघडी." इतकी वर्षं मी हेच सांगत होते. पण सुनेचं ऐकणं आणि मेकॅनिकचं ऐकणं यात फरक असतो, मेकॅनिकला पैसे दिलेले असतात.

अण्णा एका अटीवर तयार झाले: गिझर बाहेर गेला की खिडकी बंद ठेवायची. मान्य. फरशीला भोक पडलं, आठवडाभर घरात सिमेंट सांडलं, गिझर वाऱ्याच्या झोतापासून आडोसा बघून बाल्कनीत लागला.

आता नवीनच. कोणी आंघोळीला गेलं की अण्णा मफलर गुंडाळून त्या उघड्या बाल्कनीत ज्योतीवर पहारा देतात. थंडीत. स्वखुशीने. आणि भिंतीपलीकडे ओरडून कळवतात. परवा नणंदेचे यजमान पहिल्यांदाच मुक्कामाला होते, त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ते डोक्याला शाम्पू लावून बसलेले, इतक्यात भिंतीतून खणखणीत आवाज आला, "निळी आहे! चालू द्या!"

ते तसेच फेसासकट बाहेर आले.