खुलासा: कॅटरपिलर डी२च्या स्टार्टिंग इंजिनात ऑइल मिसळलेलं पेट्रोल नको

कॅटरपिलर डी२ या पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं मुख्य डिझेल इंजिन एका छोट्या पेट्रोल इंजिनाने सुरू करतात; त्यालाच पोनी म्हणतात. ‘डी२चं पोनी इंजिन टू-स्ट्रोक आहे, रिबिल्डनंतर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा’ हा मेसेज चुकीचा आहे. हे पोनी इंजिन दोन सिलिंडरचं असलं तरी फोर-स्ट्रोक आहे. उघडल्यावर व्हॉल्व्ह आणि ऑइलचा स्वतंत्र सम्प (तळाची ऑइलची टाकी) दिसतोच. मिश्रणाच्या भरवशावर सम्प कोरडा राहिला, तर नवी बेअरिंगं जळतील! १५ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल हे प्रमाण सोव्हिएत डीटी-७५ ट्रॅक्टरच्या पीडी-१० स्टार्टिंग इंजिनाचं. ते खरंच टू-स्ट्रोक.

आणखी एक: पोनी बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्या. कार्ब्युरेटरमधला पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह गळका असेल तर पेट्रोल सम्पात उतरतं. ऑइलची पातळी वाढली, त्याला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलूनच सुरू करा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.