क्लब काढताय? आधी वकील बघा

फुटबॉल क्लब काढायचं पक्कं झालं ना? उत्तम. आता सगळ्यात आधी इंग्लंडच्या लीगबद्दल वाचलेलं सगळं डोक्यातून काढून टाका. तिकडे म्हणे गावातला क्लब जिंकत जिंकत प्रीमियर लीगपर्यंत पोचू शकतो आणि तळाचे तीन दरवर्षी मुकाट खाली उतरतात. असला अविचार आपल्याकडे चालत नाही. पिरॅमिड आपलाही आहे, कागदावर तर फारच देखणा: तळाशी राज्यांच्या लीग, मग आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग आणि शिखरावर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग. अडचण इतकीच की शिखर आधी बांधलं गेलं, जिना नंतर सुचला.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये इथल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटींना दिले. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल उभी राहिली. तेव्हा देशाची अव्वल लीग होती आय-लीग. तिचं काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं, त्यामुळे ती तशीच चालू राहिली. देश मोठा आहे, दोन लीग सहज मावतात.

आता तुमच्या क्लबाकडे येऊ. खेळाच्या जोरावर वर जायचा हट्टच असेल, तर ऐजॉलकडून शिका. २०१६ मध्ये मिझोरमचा हा क्लब आय-लीगमधून खाली गेला. मग गोव्याच्या क्लबांनी आयएसएललाच अव्वल ठरवणाऱ्या नव्या आराखड्यावर चिडून आय-लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत बोलावलं गेलं. प्रशिक्षक म्हणून आला खालिद जमील. त्याने आधीची सात वर्षं मुंबई एफसीत काढली होती. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग क्लबाशी १-१ अशी बरोबरी झाली आणि ऐजॉल चक्क देशाचा विजेता ठरला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंदच पडला. विजेत्याला बक्षीस काय? पुढच्या वर्षी पुन्हा आय-लीग. वरच्या दारावर ‘फक्त फ्रँचायझीधारकांसाठी’ अशी पाटी होती. तेव्हा चमत्कार करायचाच असेल तर तारीख बघून करा. ऐजॉलने सहा वर्षं घाई केली. खेळून वर जाण्याची सोय २०२३ मध्ये झाली आणि पंजाब एफसी त्या वाटेने पोचलेला पहिला क्लब ठरला.

एवढा धीर नसेल तर सोयरीक बघा. मोहन बागानसारख्या, १९११ साली इंग्रजांना हरवणाऱ्या क्लबाने २०२० मध्ये आय-लीग जिंकली खरी, पण वर गेला तो एटीके या कोलकात्याच्या आयएसएल फ्रँचायझीचा हात धरून. ईस्ट बंगालला त्याच वर्षी गुंतवणूकदार भेटला आणि तोही थेट आयएसएलमध्ये दाखल झाला. आता पाटाकडील किंवा खंडोबा तालमीसाठी शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या कोल्हापूरकरांनी विचारू नये की आमच्या पेठेला असा गुंतवणूकदार कधी मिळणार. गर्दी तुमच्याकडे आहे, ईर्ष्याही आहे; ताळेबंद दाखवा.

एकदा वर पोचलात की मात्र पाय पसरून बसा. खाली ढकलण्याची पद्धत २०२४-२५ पासून लागू होईल, असं २०१९ च्या आराखड्यात लिहिलं होतं. तो मोसम आला, कोलकात्याचा मोहम्मेडन शेवटचा राहिला, आणि वरच राहिला. तोवर खाली जायची सोय नव्हती, पण गाव बदलायची होती. पुण्याची फ्रँचायझी २०१९ मध्ये आटोपली आणि तिच्या जागी हैदराबाद आलं. हैदराबादने २०२२ मध्ये करंडक जिंकला आणि २०२५ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला हललं. पुण्याचे चाहते आता कुणासाठी टाळ्या वाजवतात, ते त्यांनाच विचारा. (हळू आवाजात विचारा.)

आता वकिलाचं. २०२४-२५ ची आय-लीग एप्रिलमध्ये संपली तेव्हा चर्चिल ब्रदर्सचे ४० गुण होते आणि इंटर काशीचे ३९. शिवाय इंटर काशी आणि नामधारी या क्लबांच्या सामन्यावर तक्रार चालू होती: नामधारीने अपात्र खेळाडू उतरवला की नाही? त्याच महिन्यात महासंघाने चर्चिलला विजेता जाहीर केलं. इंटर काशी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे गेला आणि १८ जुलैला तिथून निकाल आला की विजेता इंटर काशी. वाराणसीच्या क्लबाने गोव्याच्या क्लबाला लोझानमध्ये हरवलं. तुमच्या अंदाजपत्रकात स्ट्रायकरच्या खाली एक ओळ रिकामी ठेवा.

आणि या लढाईत मिळालं काय? वर जाण्याचा हक्क. तोही नेमका अशा जुलैत, जेव्हा पंधरा वर्षांचा करार संपत आल्याने आयएसएलचा पुढचा मोसमच लांबणीवर टाकलेला होता. पुढे हक्कांची निविदा निघाली तर एकही बोली आली नाही. नाही म्हणायला २०२६ च्या फेब्रुवारीत मोसम एकदाचा सुरू झाला, सामन्यांना कात्री लावून. तोवर खेळाडूंनी काय करायचं, याबद्दल आराखड्यात काही नव्हतं. तुम्हीही तुमच्या खेळाडूंशी करार करताना तेवढा मुद्दा मोघमच ठेवा.