मूड नाही म्हणजे नक्की काय नाही?

मागच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी नाशिकच्या त्रिमूर्ती चौकात गाडी लावून दुसरा कटिंग पीत होतो. गाळ्यावर जायचं जिवावर आलं होतं. अंबडला माझा भाड्याचा गाळा आहे. दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), एक म्हातारी लेथ आणि तीन पोरं, एवढाच पसारा. पाऊस भुरभुरत होता आणि फोनवर एक गृहस्थ सांगत होते की पहाटे चारला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा आणि आरशात बघून स्वतःला सिंह म्हणा. (आमच्या घरी हे करायला गेलो तर बायको विचारेल, सिंहराज, दाढी कधी करणार?)

तेवढ्यात ऑपरेटरचा फोन आला. "शेठ, इन्सर्ट संपलेत, येताना घेऊन या." इन्सर्ट म्हणजे मशीनला लागणारी धातू कापायची पाती. हो म्हटलं, आणि गाडी सरळ पाथर्डी फाट्याकडे वळवून पांडवलेण्यांवर चढलो. इन्सर्ट राहिले.

वर बसून हिशेब मांडला, की हे असं मला होतं कधी? मशीनसमोर उभं राहायला मला आजवर मूड लागलेला नाही. नवं ड्रॉइंग आलंय, 20 मायक्रॉनचा टॉलरन्स आहे, पहिला पीस मायक्रोमीटरमध्ये धरायचाय, तर अंगात ताप असला तरी मी जातो. रात्री दोनला मशीन अलार्म देऊन बंद पडली तरी जातो, शिव्या घालत का होईना. मूड जातो तो महिन्याच्या 17-18 तारखेला. 20 ला जीएसटीचं 3बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं, आणि त्याच्या आधी एका विशिष्ट पार्टीला पेमेंटसाठी फोन करायचा असतो.

पंपाच्या बुशांचं काम होतं, 2 लाख 40 हजारांचं. वर 18 टक्के, म्हणजे 43,200 जीएसटी. तो मी बिल फाडल्याच्या पुढच्याच महिन्यात खिशातून भरला, कारण सरकारला बिलाची तारीख कळते, पैसे आले की नाही हे कळत नाही. पार्टीकडून 70 दिवस एक रुपया नाही. आणि मी रोज सकाळी स्वतःला सांगत होतो की हल्ली धंद्यात मन रमत नाही, बहुतेक बर्नआउट झालाय, चार दिवस कोकणात जाऊन यावं. मन चांगलं रमत होतं. एक फोन करायचा नव्हता, एवढंच.

माझा मामा निफाडकडचा द्राक्ष बागायतदार. ऑक्टोबरची छाटणी झाली की काडीला डोळे फुटायची पेस्ट वेळेवरच लागली पाहिजे, ढगाळ हवा आली की डाऊनी रोगासाठी फवारणी आजच झाली पाहिजे. मामाला या कामांसाठी मूड बनवताना मी कधी पाहिलं नाही. पहाटे ट्रॅक्टरला ब्लोअर जोडलेला असतो. पण एका व्यापाऱ्यानं माल नेऊन पैसे अडकवले होते, तेव्हा हाच माणूस दोन महिने "उद्या बघू, आज डोकं जड झालंय" म्हणत ओट्यावर बसून होता. मामी म्हणायची, "बागेत जाताना बरं डोकं जड होत नाही तुमचं."

पांडवलेण्यांच्या 10 नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. आपण लहानपणी सहलीला जातो, मूर्ती बघतो, माकडांना फुटाणे टाकतो आणि खाली उतरतो. त्या लेखात चक्क ठेवीचा व्यवहार कोरलाय. गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, मिळून 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा एक व्याजानं आणि 1000 शेकडा पाऊण दरानं. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या 20 भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण. करून बघा हिशेब: महिन्याला 20, वर्षाला 240, बरोबर वीस जणांचे बारा-बारा. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब, माझ्या सीएच्या एक्सेलपेक्षा स्वच्छ. रक्कम, दर, कुणी कुणाला द्यायचे, सगळं दगडात. मागायला जाताना कुणी घसा खाकरला असेल असं वाटत नाही.

आणि माझ्या बिलावर पेमेंटची मुदतसुद्धा छापलेली नव्हती.

खरं तर कायदा आपल्या बाजूनं आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरलेली असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत, ठरलेली नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. 2024 च्या एप्रिलपासून आयकर कायद्यातलं 43बी(एच) कलम आल्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्सवाल्यांना हे 45 दिवस तोंडपाठ झालेत, कारण आपले पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्यांना वजा मिळत नाही. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही टाकता येते. टाकत कुणी का नाही, हे एमआयडीसीत कुणालाही विचारा. पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, त्याच पार्टीकडून यायची असते.

म्हणून मला मोटिव्हेशनच्या भाषणांचा राग येतो. ती तुम्हाला सांगतात की तुमच्यात आग कमी पडते. आग असते हो. अडलेलं एक काम असतं, बहुतेक वेळा पैसे मागायचं नाहीतर कुणाला तरी नाही म्हणायचं, आणि त्याची सावली बाकीच्या दहा कामांवर पडते. अर्थात सलग तीन आठवडे दोन शिफ्ट मारून माणूस दमला असेल तर ती गोष्ट वेगळी. त्यानं झोपावं.

खाली उतरलो, इन्सर्ट घेतले, गाळ्यावर गेलो आणि शटरजवळ उभ्या उभ्या फोन लावला. अकाउंट्सची मुलगी दोन मिनिटांत म्हणाली, "सर, तुमचं बिल सिस्टीमला चढलंच नाहीये. चलनावर पीओ नंबरचा एक आकडा चुकलाय." मालासोबत पाठवलेल्या त्या चलनावरचं अक्षर माझंच होतं, सहाचा शून्य झालेला. सत्तर दिवस मी ज्या फोनला घाबरत होतो तो हा. दुरुस्त कॉपी त्याच दुपारी मेल केली. निम्मे पैसे शुक्रवारी आले, निम्मे यायचेत.

आता बिलाखाली उद्यम नंबर (लघुउद्योग म्हणून नोंदणीचा) आणि देय तारीख ठळक छापतो. फोनचं काम बायकोकडे द्यायच्या विचारात आहे. ती पैसे मागते तेव्हा पैसे मागते, मी मागतो तेव्हा माफी मागतोय असं वाटतं.

आज सकाळी अकराला सिन्नरच्या एका पार्टीला फोन करायचा होता. ही पोस्ट लिहिता लिहिता पावणेबारा झालेत.