सही कोणाची?

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिंपळाचा पार आहे आणि त्याला लागून सिमेंटचा कट्टा. दुकान बंद केलं की मी तिथे जातो. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. प्रवेशअर्ज, परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, प्रकल्पांचं बायंडिंग, सगळं माझ्या हाताखालून जातं. परवा कट्ट्यावर विद्यापीठांतल्या एआयबद्दल जे बोलणं झालं ते लिहून ठेवावंसं वाटलं. बोलणं अर्थातच मालवणीतलं, पण सगळ्यांना कळावं म्हणून इथे प्रमाण मराठीत लिहितो. आबांची काही वाक्यं तेवढी होती तशी ठेवली आहेत.

विषय काढला धाकट्याने. धाकटा म्हणजे आमच्यातला सगळ्यात लहान, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोळंबच्या खाडीतल्या कांदळवनावर त्याचा प्रकल्प. चार महिने हा मुलगा सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ बघून खाडीत उतरत होता. त्याचा अहवाल परत आला होता आणि वर एक छापील चिठ्ठी टाचलेली होती : ‘एआय-निर्मित मजकूर ६४ टक्के. पुन्हा सादर करावा.’ खाली नाव नाही, सही नाही, कोणाला भेटायचं तेही नाही.

“एक ओळसुद्धा मी एआयकडून लिहून घेतलेली नाही,” तो म्हणाला आणि त्याने पिशवीतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची शंभरपानी वही, कडा चिखलाने वाळून कडक झालेल्या. प्रत्येक पानावर तारीख, भरतीची वेळ, झाडाचं नाव, खोडाचा घेर. तिवर, कांदळ, पांढरी चिप्पी. २०२० साली राज्याने आपला कांदळवृक्ष म्हणून जाहीर केली ती हीच चिप्पी. एका पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आज चिखल कमरेपर्यंत. सात झाडं राहिली, उद्या.’ पुढच्या पानावर ती सात झाडं होती.

“ही वही कोणी मागितली का?” ताईंनी विचारलं. ताई ग्रंथपाल आहेत.

“नाही.”

मास्तर गप्प होते. ते एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात, धाकट्याच्या कॉलेजात नव्हे. मग म्हणाले, “तुझ्यावर अन्याय झाला, कबूल. पण आमचीही अवस्था समजून घे. माझ्याकडे चाळीस अहवाल आले. त्यातल्या दहा-बारांची प्रस्तावना जवळजवळ शब्दाला शब्द सारखी. एकाने तर ‘नक्कीच, हा घ्या तुमचा अहवाल’ हे यंत्राचं वाक्यसुद्धा तसंच ठेवलेलं. शिकवायचं, तपासायचं, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, कागदपत्रं करायची. एकटा माणूस कुठे कुठे पुरणार? म्हणून कॉलेजं एआय ओळखणारं ते सॉफ्टवेअर घेतात.”

“घ्या ना. पण ते काय मोजतं ते तरी बघा,” ताई म्हणाल्या आणि तिथून पुढचा अर्धा तास त्याच बोलल्या. त्यांचं म्हणणं जमेल तेवढं नीट लिहितो, कारण धाकट्याचं सगळं प्रकरण त्यात आहे.

पूर्वीपासून आहे ती वाङ्मयचौर्याची तपासणी. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत : १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. पण तिथे यंत्र पुरावा दाखवतं. हे वाक्य अमुक लेखातून आलंय, हा बघा तो लेख. माणूस दोन्ही शेजारी ठेवून ठरवू शकतो. एआयच्या टक्केवारीत असा दुसरा कागदच नसतो. यंत्र फक्त अंदाज करतं की पुढचा शब्द किती अपेक्षित होता. जितके शब्द अपेक्षित, तितका संशय जास्त. आता आमची मुलं इंग्रजी शिकली कशी? पाठ्यपुस्तकातून, साचेबंद, सोप्या शब्दांची. म्हणजे त्यांचं प्रामाणिक इंग्रजीच यंत्राला यंत्राचं वाटणार.

“हे माझं मत नाही,” ताई म्हणाल्या. “२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध एआय ओळखणाऱ्या सात सॉफ्टवेअरना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकन मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच असं स्वतःचं सॉफ्टवेअर काढलं होतं, ते अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनीच बंद केलं.”

मास्तरांनी विचारलं, की चूक एखाद टक्का असेल तर चालणार नाही का. त्यावर ताईंनी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा हिशेब सांगितला. वर्षाला ७५ हजार लेख तपासायचे आणि यंत्र शंभरात एकदा चुकतं असं धरलं, तरी ७५० निर्दोष लेखांवर ठपका. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी एआय ओळखायची ती सोय बंद करून टाकली. “ती साडेसातशे मुलं कोण ते आधी कळत नाही. कळतं तेव्हा ती अशी बसलेली असतात,” असं म्हणून त्यांनी धाकट्याकडे बघितलं.

इथवर मास्तर ऐकत होते. मग जरा चिडले. “म्हणजे विद्यापीठाने एआयला दारातच उभं करायचं नाही का? माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. माझं व्याख्यान फोनवर अक्षरांत उमटतं, ते वाचून ती शिकते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी दोन्ही भाषांत टिपणं देतो, त्याचा पहिला खर्डा यंत्र करतं, मी सुधारतो. पूर्वी माझे रविवार त्यात जायचे. हे सोडू?”

कोणीच तसं म्हणत नव्हतं. ताई स्वतः ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेतात. जोडाक्षरं चुकतात, पण शोधायला सोय होते. त्यांनीच दुसरी बाजूही सांगितली : गेल्या महिन्यात तीन मुलं एकाच पुस्तकाची चिठ्ठी घेऊन आली. लेखक, साल, प्रकाशक, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. ते पुस्तकच अस्तित्वात नाही. यंत्राने रचलेला संदर्भ. त्या दिवशी ताईंनी काम बाजूला ठेवून तिघांना सूची कशी बघायची ते शिकवलं. मुलांना एआय वापरायला शिकवायचं म्हणजे हेच शिकवायचं, असं मला वाटतं.

“जिथे चूक झाली तर आपण ती बघून दुरुस्त करतो, तिथे खुशाल वापरा,” ताई म्हणाल्या. “जिथे चूक झाली तर मुलाचं वर्ष जातं, प्रवेश जातो, पैसे जातात, तिथे हात राखून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या समितीने २०२१ मध्येच हे मांडलंय. तेव्हा चॅटजीपीटी आलेलंही नव्हतं. त्यांनी बघितलं ते आरोग्य, नोकरभरती, आवारातली पोलीस व्यवस्था आणि विद्यार्थ्यांशी संबंधित कामं. आणि त्यांची एक शिफारस मला फार आवडते : माणसांच्या हक्कांना धोका पोचू शकेल अशी जी जी यंत्रणा विद्यापीठ वापरतं तिची यादी लोकांना बघायला खुली ठेवा.”

आबा तोवर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले होते. एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. ते म्हणाले, “ता सगळा रवांदे. माका एकच सांगा, सही कोणाची?”

कोणी बोललं नाही.

“मशिनीन नापास केल्यान, तर इचारूक खंय जावचा? कागदार सही नाय, तर तो कागदच न्हय.”

मला हे थेट लागलं. माझ्या पदवीच्या गुणपत्रिकेत एका विषयापुढे ‘गैरहजर’ छापून आलं होतं. मी पेपर दिला होता. रात्रीची गाडी धरून विद्यापीठात गेलो. एका खिडकीवर सांगितलं, संगणकात तसंच आहे. दुसरीवर सांगितलं, ते काम एजन्सीकडे आहे. तिसऱ्या फेरीला, म्हणजे महिन्याभराने, एका बाईंनी हजेरीपट काढायला लावला, माझी त्या दिवशीची सही बोटाने दाखवली आणि स्वतःच्या सहीने दुरुस्ती केली. दहा मिनिटांचं काम होतं. मुंबई-पुण्यातल्या मुलाला खिडकी गाठायला लोकल पुरते, आमच्या मुलाची प्रत्येक फेरी म्हणजे दोन दिवस आणि वडिलांच्या खिशाला खार. म्हणून मी म्हणतो, चुकीचा भार लांबच्या मुलावर जास्त पडतो. विद्यापीठाने नवं यंत्र आणताना पहिला विचार त्या लांबच्या मुलाचा करायला हवा.

मास्तर मात्र हटले नाहीत, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. “माणसं काय न्याय करतात, आबा? एकच उत्तर एक परीक्षक सात देतो, दुसरा तीन. शंभरावा पेपर तपासताना डोळे मिटतात. यंत्राने दुसरं वाचन करावं आणि जिथे फार फरक पडेल तिथे तिसऱ्या माणसाने बघावं, एवढं तरी करा.”

“पण त्या माणसाच्या चुकीला वाट आहे,” आबा म्हणाले. हे त्यांनी प्रमाण मराठीतच सांगितलं, कार्यालयात सांगत असतील तसं. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला बघता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली तो हक्क मान्य केला. प्रत बघा, पुनर्मूल्यांकन मागा. यंत्राने गुण दिले तर मुलाला दाखवणार काय?

ताईंनी टेक्सास विद्यापीठाचं उदाहरण दिलं. ऑस्टिनच्या संगणकशास्त्र विभागात पीएचडीचे अर्ज चाळायला २०१३ पासून एक प्रणाली होती. पूर्वी कोणाला घेतलं त्यावरून ती शिकलेली, म्हणजे पूर्वीचा कल तिच्यात उतरलेला. २०२० मध्ये त्यांनी ती सोडून दिली. आबांनी आपल्याकडचं सांगितलं. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर करावं लागलं. त्यात एआय नव्हतंच. घाई होती. पुरेशी चाचणी न घेता सगळ्या परीक्षा एकदम त्यात टाकल्या.

यंत्राच्या दुसऱ्या वाचनाबद्दल मास्तर आणि ताईंचं शेवटपर्यंत जुळलं नाही. मला स्वतःला मास्तरांचं म्हणणं एका परीक्षेपुरतं, एका विषयापुरतं करून बघण्यासारखं वाटतं. आधी जाहीर करून आणि निकाल विद्यापीठाच्या अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे, ठेवून.

मग मी माझी गोष्ट सांगितली. एका कार्यालयातून मला व्हॉट्सअॅपवर यादी आली : शिष्यवृत्तीच्या दोनशे मुलांची नावं, आधार क्रमांक, जात, उत्पन्न, बँक खातं. ‘एआयवर टाकून टेबल करून दे.’ पाठवणारा वाईट माणूस नव्हता, त्याला सहापर्यंत काम संपवायचं होतं. मी ते टाकलं नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून हाताने टाइप केलं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि विद्यापीठाने दिलेलं सुरक्षित साधनही त्याच्याकडे नव्हतं. कायद्याचं परिपत्रक काढून भागत नाही. त्या टेबलावरच्या माणसाला साधन द्यावं लागतं, एक दिवस बसवून शिकवावं लागतं. नाहीतर दोनशे घरांची माहिती कुठल्या फुकटच्या संकेतस्थळावर जाईल त्याचा पत्ता लागणार नाही.

नऊ वाजून गेले तेव्हा आबा धाकट्याला म्हणाले, “अर्ज लिव.”

त्याने फोन काढला. आबांनी तो बाजूला ठेवायला लावला. “हातान लिव. मराठीत लिव. तुझी भाषा आसा ती.”

मास्तरांनी मजकूर सांगितला, आबांनी त्यातले शब्द कापले. अहवाल मी स्वतः लिहिला आहे. क्षेत्रकार्याची मूळ वही तपासावी. माझी तोंडी परीक्षा घ्यावी, शक्य झाल्यास खाडीवर. हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारे घेतला ते त्यांच्या नावासह लेखी कळवावं. “नावासह” खाली आबांनी रेघ मारायला लावली.

मी दुकान पुन्हा उघडलं. वहीची पानं एकेक करून काचेवर ठेवली. चिखलाचे कण काचेवर राहत होते, दर पानाला पुसावे लागत होते. अर्जाच्या दोन प्रती काढल्या. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची.