मतकरींची बालनाट्यं 'उमेदवारी' होती का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तराला उशीर झाला, सॉरी. तुमची प्रतिक्रिया आली त्या दिवशीच वाचली होती, पण ती डोक्यातून जाईना आणि घाईत काहीतरी लिहून टाकावं असंही वाटेना.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. लेखक-नाटककार रत्नाकर मतकरींवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमची तक्रार अशी की मी त्यांच्या बालनाट्यांवर भरभरून लिहिलं आणि 'आरण्यक', 'लोककथा ७८' ही मोठ्यांची नाटकं, गूढकथा हे सगळं दोन परिच्छेदात उरकलं. तुमच्या मते बालनाट्य ही बँकेतली नोकरी सांभाळून केलेली उमेदवारी, खरे मतकरी मोठ्यांच्या नाटकात आणि गूढकथेत आहेत. शिवाय चेटकिणी आणि राक्षस दाखवून लहान मुलांना घाबरवण्यात कसलं कौतुक, असंही तुम्ही विचारलंय. आणि एक चूक दाखवलीत.

आधी चुकीबद्दल. मराठी बालरंगभूमी मतकरींनी सुरू केली असं मी लिहून गेलो, ते बरोबर नाही. सुधा करमरकरांनी लिटल थिएटर ही मुलांच्या नाटकांची संस्था काढली ती १९५९ साली, मतकरींच्या संस्थेच्या आधी, आणि मुलांचं नाटक नीट नेपथ्य, वेशभूषा, कसलेले नट घेऊन करायचं हा आग्रह त्यांचा. लेखात दुरुस्ती करतोय. फक्त लिटल थिएटरचं पहिलं नाटक 'मधुमंजिरी' लिहिलं होतं मतकरींनीच, जेमतेम विशीतल्या मुलाने, आणि मग १९६२ मध्ये प्रतिभाताई (मतकरींच्या पत्नी) आणि त्यांनी मिळून स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली.

आता उमेदवारी. हा शब्द मला खरंच लागला, कारण उमेदवारी म्हणजे पुढे पक्की नोकरी लागली की जी संपते ती. मतकरी बँक ऑफ इंडियात वीस वर्षं होते, १९७८ ला नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाले. बालनाट्य हा नुसता नोकरीसोबतचा छंद असता तर तो तेव्हाच सुटला असता ना? नाटकं चालत होती, गूढकथांना वाचक होता, लहान मुलांच्या नाटकातून पैसा तर कधीच मिळत नव्हता, उलट वर्षानुवर्षं पदरमोडच. तरी त्यांनी ते सोडलं नाही. आणि तारखा बघा. 'आरण्यक' १९७४ चं, चेटकिणीचं बालनाट्य 'अलबत्या गलबत्या' त्याच्या आसपासचंच. म्हणजे युद्ध संपल्यावर वनात गेलेले धृतराष्ट्र, गांधारी, कुंती, विदुर ज्या टेबलावर लिहिले गेले त्याच टेबलावर साधारण त्याच काळात चेटकीणही लिहिली गेली. एवढंच नाही, 'अलबत्या'तली ती चेटकीण करणारे दिलीप प्रभावळकर आणि 'आरण्यक'मधले विदुर एकच! लेखकाने एक काम खालचं आणि एक वरचं मानलं असतं तर हे असं शेजारी शेजारी झालं नसतं असं मला वाटतं.

माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे आणि ते मी लेखात नीट मांडलं नाही हे मान्य. मोठ्यांच्या नाटकातले मतकरी मुलांच्या प्रेक्षागृहात घडले आणि तिथेच पुन्हा पुन्हा तासून निघत राहिले. मी स्वतः चार-पाच वर्षं उन्हाळी शिबिरात मुलांची नाटकं बसवलीयेत, अगदी छोट्या प्रमाणावर. पहिल्या वर्षी माझ्या नाटकात राजाचं एक लांबलचक स्वगत होतं, मला फार आवडायचं ते. प्रयोगात राजा बोलायला लागला आणि पहिल्या दोन रांगांमधली मुलं खुर्चीवर उभी राहून मागे आई दिसते का ते बघायला लागली, एकाने तर जोरात विचारलं की हा कधी जाणार. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी बसून राहतो, तिकिटाचे पैसे दिलेत, शेजारी ओळखीचे लोक आहेत, फार तर खोकतो. मुलाकडे ही भीड नसते. प्रत्येक मिनिटाला काहीतरी घडायला हवं, वाक्य पहिल्याच फटक्यात कानात शिरायला हवं, आणि पात्राला काय हवंय ते दिसायला हवं, नुसतं सांगून चालत नाही. ही परीक्षा एक माणूस तीस-तीस वर्षं देत राहिला.

मग 'आरण्यक' मुक्तछंदात असूनही जड का होत नाही याचं नवल वाटत नाही. बालनाट्यातल्या यमकांनी, तालातल्या संवादांनी तो कान तयार झालेला होता. 'लोककथा ७८' मध्ये दलितांवरच्या अत्याचाराची इतकी जळजळीत गोष्ट आहे, पण ती दिवाणखान्यात बसून चर्चा करत नाही, माणसांचा समूह ती डोळ्यांसमोर उभी करतो. गूढकथांचंही तेच, पुढे काय होणार या एका धाग्यावर वाचकाला धरून ठेवणं हे मुलांना गोष्ट सांगणाऱ्याचं कसब आहे.

घाबरवण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आजकाल बरेच पालक हेच म्हणतात. २०१८ मध्ये 'अलबत्या गलबत्या' नव्याने आलं, वैभव मांगले चेटकीण होते, तेव्हा मी माझ्या भाचीला घेऊन गेलो होतो, सहा वर्षांची. चेटकीण आली तशी ती माझ्या कुशीत शिरली, मग बोटांच्या फटीतून बघायला लागली, मग ती चेटकीण स्वतःच्याच हुशारीचं कौतुक करायला लागल्यावर खुदकन हसली, आणि चेटकीण आत गेल्यावर मला विचारते, मामा ती परत कधी येणार? भीती वाटतेय आणि ती परत यायलाही हवीय. मुलांच्या आयुष्यात भीती असतेच हो, अंधाराची, आई परत न येण्याची, वर्गातल्या दांडगट मुलाची. ती आपण नाटकातून काढून टाकली म्हणून मुलाच्या मनातून जात नाही, फक्त मूल तिच्याबरोबर एकटं राहतं. त्या प्रेक्षागृहात ती चारशे मुलं एकत्र घाबरत होती आणि एकत्र ओरडून अलबत्याला सावध करत होती.

आणि मतकरींचं मुलांवरचं प्रेम फक्त तिकीट काढू शकणाऱ्या मुलांपुरतं नव्हतं हेही सांगायला हवं. झोपडपट्टीतल्या मुलांना त्यांनी नाटकात घेतलं, आणि पंचाहत्तरीच्या आसपास, जेव्हा लोक सत्कार घेत फिरतात, तेव्हा ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटक करतात, असा तो उपक्रम. २०२० मध्ये कोविडने ते गेले तेव्हा मला पहिल्यांदा त्या मुलांची आठवण झाली.

तुमचं एक म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं, 'आरण्यक'ला मी न्याय दिला नाही. त्यावर वेगळं लिहीन, घाई न करता.

आणि एक विनंती. तुम्ही लिहिलंय की बालनाट्याची संहिता घरी बसून वाचली आणि बाळबोध वाटली. मलाही पहिल्यांदा मनातल्या मनात वाचताना तसंच वाटलं होतं. एकदा घरातल्या किंवा शेजारच्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला समोर बसवून चेटकिणीचा एक प्रवेश मोठ्याने, आवाज काढून वाचा. मग काय झालं ते इथे येऊन नक्की लिहा, तरीही बाळबोध वाटली तर तेही लिहा. मी वाट बघतोय.