कपलर बसला म्हणजे टॉप मॉडेल झालं?

जुनी स्कॉर्पिओ किंवा सफारी घेणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय. सारांश असा: बेस मॉडेल स्वस्तात उचला. कंपनी सगळ्या व्हेरियंटना एकच वायरिंग टाकते. भंगारातून टॉप मॉडेलचे स्विच आणा, कपलर (तारांचा प्लग) मारा. पॉवर विंडो, फॉग लॅम्प, क्रूझ कंट्रोल, सगळं चालू. फ्यूज उडाला तर मोठा टाका. रिले वगैरे वायरमनचे बिल वाढवायचे धंदे.

‘एकच वायरिंग’ हे अर्धं खरं आहे, म्हणून तर मेसेज पटतो. दर व्हेरियंटला वेगळं हार्नेस (तारांची बांधलेली जुडी) करणं कारखान्याला परवडत नाही, त्यामुळे डॅशबोर्डमागे किंवा बंपरच्या आत टेपने बांधलेला मोकळा कपलर कधीकधी सापडतो. पण टॉर्च मारून त्याच्या आत बघा. काही खणांत पिनच नसते. पिन असली, तर तिची तार फ्यूज बॉक्सपर्यंत पोचते का आणि तिथल्या रिकाम्या जागेत टर्मिनल आहे का, हे मल्टीमीटर लावूनच कळतं. तारांच्या रंगावर तर अजिबात जाऊ नका.

पॉवर विंडोचं प्रकरण वेगळं. मोटरला दोनच तारा असतात. त्यांची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह अदलाबदल झाली की काच उलटी फिरते. बहुतेक गाड्यांत बाकीच्या दारांचे स्विच ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधून जोडलेले असतात, म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात तारा न्याव्याच लागतात. हँडलने काच फिरवायच्या गाडीत त्या कुठून येणार? नाना पेठेत किंवा कुर्ल्याला पार्ट शोधायला गेलात तर नुसते स्विच आणू नका. दाराचं अख्खं हार्नेस मागा, दार आणि पिलरमधल्या रबरी नळ्यासकट. त्या नळ्यात जॉइंट मारायचा नाही. दार उघडताना-मिटताना तारा तिथेच वाकतात आणि जॉइंट आधी तिथेच सुटतो.

आता ‘रिले नको’. रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. या सल्ल्याने सर्वात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा हिशोब करू. ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. डॅशबोर्डवरचा नाजूक स्विच एवढा करंट तोडण्या-जोडण्यासाठी केलेलाच नसतो. कंपनीच्या जोडणीत तो फक्त रिलेची कॉइल चालवतो, म्हणजे ८५ आणि ८६ नंबरच्या पिना. दिव्याचा करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे ३० वर येतो आणि ८७ वरून दिव्याला जातो. रिले गाळून पाव चौरस नव्हे, चांगली अर्धा चौरस मिलिमीटरची चार मीटर तार ओढली, तरी नुसत्या तारेत सव्वा व्होल्टच्या आसपास पडतो. अर्थिंगची तार त्यात धरलेलीच नाही. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. मग माणूस म्हणतो, ‘बल्बच फालतू आहेत’, आणि १०० वॅटचे टाकतो. अडीच चौरसची तार आणि रिले घातला असता तर गळती पाव व्होल्टवर आली असती.

‘फ्यूज उडाला तर मोठा टाका’ हा सल्ला नाही, काडी लावणं आहे. फ्यूज दिव्याला वाचवत नाही, तारेला वाचवतो. निळा १५ अँपिअरचा उडतोय म्हणून हिरवा ३० चा खोचला, तर पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूजऐवजी तार तापते, आणि ती कार्पेटखालून गेलेली असते. नवीन लाइनचा फ्यूज बॅटरीजवळच हवा. दिव्याजवळ बसवला तर मधल्या सगळ्या तारेला संरक्षणच राहत नाही.

क्रूझबद्दल थोडक्यात. यांत्रिक पंपाच्या, केबलने ॲक्सिलरेटर ओढणाऱ्या जुन्या डिझेलमध्ये स्टिअरिंगवरची बटणं म्हणजे शोभा. कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं) इंजिन असलं तरी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, ती सोय असावी आणि चालू करून मिळावी लागते. ब्रेक आणि क्लचच्या स्विचचे सिग्नलही तिथे पोचायला हवेत. स्टिअरिंगमधली स्पायरल केबल (चाक फिरलं तरी बटणांच्या तारा जोडलेल्या ठेवणारी) बदलायची, तर एअरबॅग असलेल्या गाडीत एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबा. हे काम रस्त्याकडेला करायचं नाही.

राहिलं ‘चालू झालं ना, मग झालं’. गाडी बंद करा, लॉक करा, अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर सिरीजमध्ये लावा. बंद गाडी ओढते तो करंट ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३०० आला, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात; ७५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत निम्मी. असा चोर सापडेपर्यंत एकेक फ्यूज काढत बसायचं.

आणि विमा कंपनीला कळवा. कंपनीच्या किमतीत नसलेल्या विजेच्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवाव्या लागतात, त्यासाठी थोडा जादा हप्ता पडतो. वायरमनकडून पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर वस्तूची किंमत सिद्ध करणं अवघड जातं.